बोट नाही आली तर?

बेटांवर मदत पाठवायची म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर पहिले जहाज येतं, त्यात पोती, कपड्यांच्या गाठी, औषधांचे खोके, आणि किनाऱ्यावर वाट बघत उभी असलेली माणसं. जहाज येतं, सामान उतरतं, फोटो निघतात, जहाज जातं. माझा सगळा मुद्दा जहाज गेल्यानंतरचा आहे. जहाज गेल्यावर तिथे कोण उरतं, आणि त्याच्या हातात काय येतं?

मी नागपूरची, समुद्र इथून कुठल्याही दिशेला गेलं तरी लांबच. पण मी वर्षानुवर्षं एका मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये शिकवलंय आणि तिथे चर्चच्या स्कॉलरशिपवर लांबलांबच्या मुली यायच्या, छत्तीसगडच्या, ओडिशाच्या, आणि एकदा निकोबारातल्या एका छोट्या बेटावरची मुलगी आली. नाव नाही सांगत, तिला आवडणार नाही. हिंदी बोलायची, मराठी समजायला लागली पण बोलायला लाजायची, आणि नागपूरच्या उन्हाळ्याने पार कोमेजून जायची. आमच्याकडे नाताळाला जेवायला आली तेव्हा मी खोबरं खवत होते तर तिने नारळ हातात घेऊन वाजवला आणि म्हणाली मॅडम, एवढा जुना नारळ आमच्या घरी डुकरांना घालतात. मग कितीतरी वेळ डुकरांबद्दलच सांगत होती, की तिकडे डुक्कर म्हणजे घरची इस्टेट, त्याच्याशिवाय सण नाही, कोणाचं शेवटचं कार्य नाही, आणि नारळावरच ती वाढतात, माणसंही आणि डुकरंही.

तर ही मुलगी वर्गात एकच प्रश्न विचारायची. आपल्या नर्सिंगच्या पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी एक ओळ असतेच, पेशंटला मोठ्या दवाखान्यात रेफर करा. मी शिकवत शिकवत त्या ओळीपर्यंत आले की हिचा हात वर. मॅडम, बोट नहीं आई तो? झटके येणारी बाई असो, अडलेलं बाळंतपण असो, डिहायड्रेट झालेलं पोर असो, दरवेळी तेच. पहिले पहिले बाकीच्या मुली हसायच्या. नंतर हसणं बंद झालं कारण सगळ्यांना कळलं की ती मुलगी आमच्या पूर्ण सिलॅबसचं सगळ्यात कच्चं ठिकाण दाखवून राहिली आहे. पुस्तक लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय की रस्ता आहे, गाडी आहे. कार निकोबारला जिल्ह्याचं हॉस्पिटल आहे, पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, मोठं आहे, पेशंट उचलायला हेलिकॉप्टरही येतं, पण पावसाळ्यात दर्या खवळला आणि ढग खाली आले की बोटही नाही आणि हेलिकॉप्टरही नाही.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचा धडा मला आजही जसाच्या तसा आठवतो. पाचशे मिलीच्या वर रक्त गेलं की धोका, आणि जोरात वाहायला लागलं तर बाई दोन तासाच्या आत जाऊ शकते. मी नेहमीप्रमाणे सांगितलं की बाळ झाल्याबरोबर ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन द्या. हात वर. मॅडम, फ्रीज नसेल तर? बरोबरच होतं तिचं, ऑक्सिटोसिन दोन ते आठ डिग्रीत ठेवावं लागतं, आणि जिथे जनरेटर रात्री ठराविक वेळच चालतो तिथे ते इंजेक्शन उन्हात नुसतं पाणी होऊन जातं. मग त्या दिवशी आम्ही धडा उलटा करून शिकलो. फ्रीज नाही तर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, त्यांना थंडावा लागत नाही. गोळीने भागलं नाही तर पोटावरून गर्भाशय चोळायचं, ते हाताला क्रिकेटच्या बॉलसारखं घट्ट लागेपर्यंत सोडायचं नाही. तेही नाही जमलं तर दोन हातांनी, एक आतून एक बाहेरून, दाबून धरायचं आणि हात भरून आले तरी धरून ठेवायचं. आणि शेवटी कॅथेटरला कंडोम बांधून त्यात सलाईन भरून आतून दाब द्यायचा, बांगलादेशच्या डॉक्टर सायबा अख्तर यांनी काढलेला हा उपाय आहे, सामान शे-दोनशे रुपयांच्या आतबाहेरचं, आणि त्याने कितीतरी बाया वाचल्या आहेत. तिने हे सगळं वहीत चित्रं काढून उतरवून घेतलं, नुसतं इंग्रजीतून पाठ नाही केलं, बाजूला आपल्या भाषेत काहीतरी लिहायची. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाली घरी जाऊन मावशीला सांगायचंय, बाळंतपणं तीच करते.

मला मिशनचं काम विचाराल तर ते हे. ही वही.

आता थोडं मागे जाते, कारण निकोबारात हे पहिल्यांदा झालेलं नाही, तिथला पूर्ण ख्रिस्ती इतिहासच एका शिकून परत गेलेल्या पोराचा आहे. १८९० च्या दशकात वेदप्पन सॉलोमन नावाचे एक तमिळ प्रचारक कार निकोबारच्या मूस गावात राहायला गेले, शाळा काढली, लोकांना औषधपाणी द्यायचे. त्यांच्या शाळेतला एक निकोबारी मुलगा पुढे शिकायला ब्रह्मदेशात मंडालेच्या मिशन शाळेत गेला. तो तिकडेच राहू शकला असता, शिकलेल्या माणसाला तेव्हा रंगूनात नोकरीची काय कमी. पण तो परत आला, शिक्षक झाला, निकोबारी भाषा रोमन लिपीत लिहून पोरांना वाचायला शिकवली, नवा करार आपल्या भाषेत आणला. तेच पुढे बिशप जॉन रिचर्डसन. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बेटं घेतली, हेरगिरीच्या संशयावरून कित्येक निकोबारी माणसं मारली, यांनाही धरलं होतं. त्यातून वाचले. आणि बेटावरचे बहुतेक लोक ख्रिस्ती झाले ते युद्धानंतर, म्हणजे परदेशी साहेबाच्या नाही तर आपल्यातल्याच एका माणसाच्या सोबतीने संकट काढल्यावर. १९५० मध्ये ते बिशप झाले, १९५२ च्या पहिल्या लोकसभेत अंदमान निकोबारचे खासदार म्हणून त्यांची नेमणूक झाली, पुढे पद्मश्री आणि १९७५ मध्ये पद्मभूषण. १९७८ मध्ये गेले. कार निकोबारच्या त्या हॉस्पिटलला आज त्यांचंच नाव आहे.

मला यात सॉलोमन जास्त आवडतात, खरं सांगते. रिचर्डसन यांना लोक ओळखतात तरी. सॉलोमन यांनी एका पोराला शिकवलं, बाहेर पाठवलं, आणि परत आल्यावर त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवली. हे तिसरं सगळ्यात कठीण असतं, आपल्याकडच्या भल्याभल्या संस्थांना जमत नाही, शिकवतात, पाठवतात, आणि पोरगं परत आलं की त्याला हाताखालीच ठेवतात.

त्सुनामीबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुढे जाऊच शकत नाही. २६ डिसेंबर २००४, रविवार होता, नाताळाचा दुसरा दिवस. निकोबारात नाताळ म्हणजे पूर्ण गावाचा, त्यामुळे रात्रभराच्या गाण्या-जेवणानंतर माणसं नुकतीच झोपली होती, सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन हलली आणि थोड्याच वेळात पाणी आलं. कार निकोबार सपाट, गावं सगळी किनाऱ्याला. मलाक्का गाव आणि एअर फोर्सचा तळ, दोन्हीकडे हाहाकार झाला. दक्षिणेला इंदिरा पॉइंटची जमीनच चार मीटरच्या वर खचली, तिथलं दीपगृह आज पाण्यात उभं आहे. तिकडे ग्रेट निकोबारला आपल्या महाराष्ट्रातली काही माजी सैनिकांची कुटुंबंसुद्धा १९७० च्या आसपास सरकारने नेऊन वसवली होती, म्हणजे तो दुःखाचा किनारा अगदीच परका नव्हता आपल्याला.

त्या जानेवारीत आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये मदत गोळा व्हायला लागली. नागपुरात थंडी कडाक्याची, त्यामुळे लोकांनी स्वेटर आणले, रजया आणल्या, लोकरीच्या शाली आणल्या, अगदी मनापासून, काही तर नवीकोरी. महिला संघाच्या बाया ढीग लावून बसलेल्या. एक म्हाताऱ्या मावशी होत्या, आयुष्यभर दवाखान्यात वॉर्ड सांभाळलेल्या, त्या प्रत्येक कपडा उलगडून बघायच्या, बटन आहे का, चेन चालते का, आणि मध्येच थांबून म्हणाल्या, काहो, तिकडे थंडी पडते का? कोणालाच माहीत नव्हतं. मग कोणाच्या तरी पोराने नकाशा आणला, विषुववृत्त कुठे आणि निकोबार कुठे ते बघितलं, आणि अर्ध्याहून जास्त ढीग बाजूला झाला. तो नंतर इथेच, मेयो आणि मेडिकल हॉस्पिटलच्या बाहेर झोपणाऱ्या पेशंटच्या नातेवाईकांना वाटला, वाया काही गेलं नाही. पण मावशींचा प्रश्न मला फार मोठा वाटला तेव्हाही आणि आताही. देशभरातून, जगभरातून त्या बेटांवर जे आलं त्यात असे प्रश्न किती ढिगांना विचारले गेले असतील?

कारण तिकडे काय झालं ते नंतर हळूहळू वाचायला मिळालं. सिम्रन जीत सिंग नावाचे अभ्यासक त्सुनामीच्या आधीपासूनच निकोबारात जाऊन राहत होते, त्यांनी मदतीनंतरच्या निकोबारबद्दल खूप लिहिलंय आणि ते वाचून जीव कासावीस होतो. निकोबारी माणसाचं घर म्हणजे तुहेत, पन्नास-शंभर माणसांचं मोठं कुटुंब, नारळाची बाग त्यांची सगळ्यांची मिळून, डुकरं मिळून, वडीलधाऱ्यांचा शब्द चालणार. मदत आली ती नवरा-बायको-मुलं असा हिशेब धरून. चेक वेगळे, घरं वेगळी, खाती वेगळी. आणि राहायला दिले पत्र्याचे शेड, त्या दमट उन्हात पत्रा, जिथे लोक पिढ्यानपिढ्या खांबांवरच्या गवती गोल घरात वाऱ्याशी राहत आले. नारळ पुन्हा लावला तर फळ यायला सहा-सात वर्षं, तोवर करायचं काय, तर आलेल्या पैशाने मोटरसायकल, टीव्ही, पाकिटातलं खाणं. यात निकोबारी माणसाला दोष देणं सोपं आहे पण मी देणार नाही, सगळं गमावलेल्या माणसासमोर कोणी नीट बसून विचारलंच नाही की बाबा, तुमच्यात निर्णय कोण घेतं, आधी काय लावायचं, होडी पाहिजे का घर. काही ठिकाणी म्हाताऱ्यांनी स्वतःहून सांगितलं होतं की आम्हाला हत्यारं द्या, घरं आम्ही बांधतो. कुऱ्हाड, करवत, खिळे. किती साधं मागणं.

मिशनवाल्यांनीही यात सगळं बरोबर केलं असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट आपल्या गावाची म्हणून सांगते. भारतातल्या प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसची राष्ट्रीय परिषद, १९१४ ला सुरू झालेली, १९२३ ला नॅशनल ख्रिश्चन कौन्सिल झालेली आणि १९७९ पासून नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया, तिचं मुख्य ऑफिस इथे सिव्हिल लाइन्समध्ये आहे, नागपूरच्या अर्ध्या लोकांना त्या गेटवरून जातात तरी माहीत नसतं. १९४७ साली फाळणीच्या निर्वासितांसाठी चर्चेसनी मिळून जी मदत सुरू केली त्यातून कासा ही संस्था उभी राहिली, आणि त्सुनामीनंतर अंदमान निकोबारात काम करणाऱ्यांत कासा होती. म्हणजे बेटं लांब असली तरी निर्णय घेणारी टेबलं लांब नाहीत, आपण बोललो तर कोणीतरी ऐकू शकतं, म्हणून लिहून राहिले बाप्पा एवढं.

पॅसिफिकमधली एक जुनी गोष्ट मला या बाबतीत फार आवडते. १८५८ मध्ये जॉन पॅटन नावाचा स्कॉटिश मिशनरी आजच्या वानुआतूतल्या तान्ना बेटावर गेला, म्हणजे आपले स्टीफन हिस्लॉप नागपुरात शाळा चालवत होते आणि सुट्टीत दगड-जीवाश्म गोळा करत हिंडत होते त्याच काळात, तेही स्कॉटलंडचेच. तान्नावर पॅटनचं काही चाललं नाही. त्यात १८६१ च्या सुमारास बाहेरच्या जहाजांनी त्या बेटांवर गोवर आणला आणि माणसं पटापट मेली, लोकांचा बाहेरच्यांवर राग असणं साहजिकच होतं, शेवटी त्याला जीव घेऊन निघावं लागलं. पुढे तो शेजारच्या अनिवा बेटावर गेला. पोवळ्याचं सपाट बेट, नदी नाही, झरा नाही, पावसाच्या पाण्यावर सगळं. तिथे त्याने विहीर खणली, लोक म्हणाले याचं डोकं फिरलं, पाणी वरून येतं खालून नाही, आणि खाली गोडं पाणी लागलं. प्रवचनात ही गोष्ट इथपर्यंतच सांगतात. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या भागातल्या बेटांवर लोकांनी आपल्या भाषेतलं पवित्र शास्त्र छापायचा खर्च स्वतः उचलला, आरारूट पिकवून, दळून, विकून. फुकट नाही घेतलं. वर्षानुवर्षं राबून घेतलं. तिकडेच पुढे सॉलोमन बेटांवर १९२५ मध्ये इनी कोपुरिया नावाच्या एका स्थानिक पोलिसाने नोकरी सोडून मेलानेशियन ब्रदरहूड काढलं, आणि २००० च्या आसपास तिथे टोळीयुद्ध पेटलं तेव्हा याच ब्रदर्सनी गावोगाव फिरून बंदुका गोळा केल्या. त्यातले सात जण २००३ मध्ये मारले गेले. बाहेरून आलेला कोणीही हे करू शकला नसता, त्याला कोणी बंदूक दिलीच नसती.

आणि याच्या अगदी उलटं उदाहरणही आपल्याच अंदमानातलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन अ‍ॅलन चाऊ नावाचा अमेरिकन तरुण धर्मप्रचारासाठी नॉर्थ सेंटिनल बेटावर, जिथले आदिवासी बाहेरच्या कोणाशी संबंध ठेवत नाहीत, कायदा मोडून गेला आणि मारला गेला. काही लोक त्याला हुतात्मा म्हणतात. मी ख्रिस्ती बाई आहे, प्रार्थनेशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, आणि मी स्पष्ट म्हणते की त्याने जायला नको होतं. बाहेरच्या जगाच्या साध्या सर्दी-गोवराशी लढायची ताकद ज्यांच्या अंगात नाही त्यांच्या किनाऱ्यावर न बोलावता उतरणं म्हणजे प्रेम नाही, तान्नावर काय झालं ते वाचलेल्याने तर हे करूच नये. १९५६ पासून या बेटांवरच्या आदिवासींच्या संरक्षणाचा कायदा आहे, निकोबारच्या राखीव भागात आपल्यालाही पास काढल्याशिवाय जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच तर तिथलेच लोक शिकले पाहिजेत नं, त्यांना पास लागत नाही.

कोणी म्हणेल ट्रेनिंगचं एवढं काय कौतुक, कागदावरचं काम. तर आपल्या गडचिरोलीकडे बघा. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागड बेटच होतं, दोन-दोन तीन-तीन दिवस संपर्क नाही. त्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, श्वास मोजायला, गुंडाळायला, न्यूमोनिया ओळखायला, आणि बाळं दगावण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं ते, पुढे देशाने उचललं. त्यात काही चर्चचा संबंध नाही, पण चांगलं काम कोणाचंही असो, शिकायला काय हरकत.

आमची ती मुलगी आता तिच्याच बेटांवर सिस्टर आहे. परत गेली. सगळ्या नाही जात, आणि ज्या नाही जात त्यांनाही मी काही म्हणत नाही, घरी भावंडं शिकायची असतात. मध्यंतरी तिचा फोन आला, रेंज येत-जात होती, म्हणाली मॅडम, आजूबाजूच्या बेटांवरच्या बायकांना बाळंतपणाचं शिकवायला घेतेय, तुमच्याकडची ती बाहुली मिळेल का. बाहुली म्हणजे ते बाळंतपण शिकवायचं मॉडेल, शिकवणारी आपल्या पोटाला बांधते, आतून बाळ बाहेर काढून दाखवते, आणि नळीतून लाल पाणी सोडून रक्तस्राव कसा दिसतो तेही दाखवता येतं. पुस्तक न वाचता येणारी बाईसुद्धा त्यावर हात बसवून शिकते. मी विचारलं कपडे, औषधं काही पाठवू का, तर म्हणाली औषधं सरकारकडून येतात, कपडे नको.

म्हणून यंदाच्या चर्चच्या हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, लिलावातला मिशनचा वाटा या ट्रेनिंगला जावा असं मी आमच्या चर्चच्या पास्टरेट कमिटीत मांडणार आहे, आणि इतर मंडळ्यांतले जे लोक हे वाचत असतील त्यांनीही आपापल्या खजिनदाराशी बोलावं. मॉडेलचे पैसे लोक देतील, त्याचा फोटो काढता येतो. पण बायकांचं बोटीचं भाडं, बोट रद्द झाली तर अडकलेल्या दिवसांचं जेवण, आणि तान्ही पोरं घेऊन येणाऱ्यांची पोरं सांभाळायला एक बाई, एवढं बजेटमध्ये पहिल्या पानावरच लिहून घ्या, हेच नेहमी सुटतं आणि मग हॉल तयार, मॉडेल तयार, आणि शिकायला कोणी नाही असं होतं.